टेलरबाईंचं माप

टेलरबाईंच्या दुकानात माप द्यायला उभा राहिलेला माणूस, मग तो कितीही मोठा असो, एक लबाडी हमखास करायचा. फीत कमरेभोवती आली की पोट आत घ्यायचा. हे कुणी शिकवलेलं नसतं, ठरवूनही कुणी करत नाही, पण करतात सगळे. बाईंना त्याची इतकी सवय झाली होती की त्या रागवायच्याही नाहीत. फीत दोन बोटांत धरून समोरच्या भिंतीकडे बघत नुसत्या उभ्या राहायच्या. माणूस तग धरून धरून किती धरणार? त्याचा चेहरा लाल व्हायला लागला की त्या शांतपणे म्हणायच्या, "श्वास सोडा." पोट आपल्या जागी यायचं आणि मगच आकडा लिहिला जायचा.

त्यांचा दुसरा नियम असा की जुनं माप चालायचं नाही. "मागच्या वेळचंच घ्या की, मी आहे तसाच आहे," असं कुणी म्हणालं की बाई चष्म्यावरून अशा बघायच्या, की तो मुकाट्याने कोट काढून उभा राहायचा. माणूस कधीच आहे तसा नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. दोन्ही नियम लाख मोलाचे. फक्त ते दुकानात येणाऱ्यांसाठी होते, दुकान चालवणारीसाठी नव्हते, आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

दुकान दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. खाली दुकान, वर घर, आणि दोघांच्या मध्ये एक अरुंद लाकडी जिना. एके काळी हे दुकान नवराबायको मिळून चालवायचे. तो कोट शिवायचा, ही पँटी. एका दुपारी इस्त्रीच्या टेबलापाशी त्याने छातीवर हात ठेवला. "काही नाही, जरा गॅस झालाय," असं म्हणत तो स्टुलावर बसला, तो पुन्हा उठलाच नाही. मुलगा तेव्हा शाळेत होता. तेरावा महिना लागायच्या आत बाई कोटही शिवायला लागल्या. त्या किती रडल्या हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण त्या रडायच्या तेव्हा मशीन चालू ठेवायच्या.

तोच मुलगा आता एका मोठ्या दुकानात फरशा विकत होता. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दोघंही गुणी, कष्टाळू, आणि बाईंच्या मते जरा जास्तच काळजीखोर. आईच्या वाढदिवसाला मुलाने तिच्या हातात एक गुळगुळीत पाकीट ठेवलं. आत शहरातल्या एका चकाचक खाजगी केंद्राचं कूपन होतं. संपूर्ण शरीराची तपासणी, तीही त्यांच्याकडच्या सर्वांत वरच्या श्रेणीची. रक्त, लघवी, हृदय, हाडं, पोटातल्या प्रत्येक अवयवाचा फोटो, आणि वर सकाळचा नाश्ता फुकट. त्या पैशांत एक नवं कोरं शिलाई मशीन आलं असतं. हा हिशेब बाईंनी मनातल्या मनात पाकीट उघडायच्या आत केला होता.

"मी काय जुनी गाडी आहे," त्या म्हणाल्या, "विकायच्या आधी दाखवून आणायला?"

मग त्यांनी आपली बाजू मांडली, आणि बाजू मांडायला लागल्या की त्या कुणाला ऐकायच्या नाहीत. या घरात सगळ्यांच्या आधी कोण उठतं? जिना पळत कोण चढतं? तुम्ही दोघं स्वेटर घालून कुडकुडत बसता आणि मी खिडकी उघडी टाकते. तुमच्या दुप्पट जेवते आणि सगळं पचवते. या वर्षी जेवढं काम उपसलं तेवढं तरुणपणी उपसलं नव्हतं. अशा बाईला तपासायचं म्हणजे तपासायला दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून. यातला शब्द न् शब्द खरा होता, हे पुढचं कळण्यासाठी लक्षात ठेवलेलं बरं.

मुलगा म्हणाला, की निदान एकदा जाऊन तरी ये. बाई म्हणाल्या, की जाणार नाही. सुनेने मध्ये पडून सुचवलं, की सुई ओवताना तुमचा हात हलतो तेवढं तरी दाखवा. बाई म्हणाल्या, की हात हलत नाही, हल्लीच्या सुयांची भोकंच बारीक झालीत. सून चष्म्यांच्या धंद्यातली, तिने मागच्याच महिन्यात सासूचे डोळे तपासले होते आणि नंबर जराही बदलला नव्हता. तिने तसं सांगितलं. "मग तुमचं मशीन बिघडलंय," असा निकाल देऊन बाई खाली दुकानात निघून गेल्या. पुढचे काही दिवस घरात अबोला राहिला. बाईंचा अबोला मोठा गमतीचा असायचा. त्या बोलायच्या नाहीत, पण भांडी बोलायची.

बाई हट्टी होत्या, पण आपला हट्ट पक्क्या पायावर उभा असावा असं त्यांना वाटायचं. तो पाया मिळाला गल्लीतल्या डॉक्टरांकडून. हे डॉक्टर म्हणजे एका खोलीच्या दवाखान्यात उभं आयुष्य काढलेले गोल गरगरीत गृहस्थ. दर वर्षी त्यांच्या पँटी कमरेत सैल करून द्याव्या लागायच्या. शिंपी शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं सोडून ठेवतात, पुढेमागे कपडा वाढवता यावा म्हणून. त्याला माया म्हणतात. डॉक्टरांच्या पँटीत बाई नेहमीच भरपूर माया सोडायच्या, आणि तरी ती पुरायची नाही. त्या दिवशी डॉक्टर पोट आत घेऊन उभे होते, बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या, आणि टाचण्यांच्या फटीतून त्यांनी विचारलं, की ते सगळ्या अंगाचे फोटो काढतात त्याचा काही उपयोग असतो का?

डॉक्टर भले गृहस्थ होते, त्यांनी सरळ उत्तर दिलं. काही तक्रार नसताना सरसकट सगळ्या तपासण्या करून घेतल्या, तर पुष्कळदा फायद्यापेक्षा ताप जास्त होतो, असं ते म्हणाले. इतकं सगळं बघितल्यावर कुठेतरी काहीतरी बारीकसारीक निघतंच. मग त्याच्यामागे आणखी तपासण्या, आणखी काळजी, आणि शेवटी कळतं की ते जन्मापासून तसंच होतं. वयाप्रमाणे दोनचार गोष्टी बघाव्यात, रक्तदाब, साखर वगैरे, त्या तर ते स्वतः दवाखान्यात बघतात. "पण काही तक्रार असेल तर गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "मग त्या तक्रारीची तपासणी करायची आणि ती मात्र टाळायची नाही. तुम्हाला काही होतंय का? वजनबिजन उतरलंय?"

"श्वास सोडा," बाई म्हणाल्या. आकडा लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या करड्या पँटीच्या कमरपट्टीत अंगठा घालून दाखवला. "ही बघा. केव्हाची शिवलेली आहे. आजही अंगाबरोबर बसते. माणूस खोटं बोलेल, कपडा बोलायचा नाही."

डॉक्टरांनी पँट बघितली, पटल्यासारखी मान हलवली आणि ते निघून गेले. निघताना एकदा दवाखान्यात येऊन जा, असं म्हणायला ते विसरले नाहीत. पण बाईंना हवं ते मिळालं होतं, त्यामुळे पुढचं त्यांच्या कानावरून गेलं. त्या संध्याकाळी जेवताना अबोला संपला. बाईंनी जाहीर केलं, की खुद्द डॉक्टर म्हणतात हे सगळं फुकटचा ताप आहे. तक्रार असेल तर गोष्ट वेगळी, एवढा भाग त्यांनी कापडाची चिंधी कातरावी तसा कातरून टाकला.

मुलगा ताटाकडे बघत होता. "तू त्यांना सगळं खरं सांगितलंस?" त्याने विचारलं.

"मी काय आरोपी आहे?" बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पैसे परत आणायला निघाल्या.

ते केंद्र म्हणजे काचेचं दार, मऊ सोफे, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, आणि कुठे औषधाचा वास येऊ नये म्हणून मारलेला अत्तराचा फवारा. काउंटरवरची मुलगी गोड होती. तिने सांगितलं, की पैसे परत देता येत नाहीत, पण थोडी भर घातली तर याच्याही वरची श्रेणी घेता येईल. बाईंना कौतुक वाटलं. सर्वांत वरच्या श्रेणीच्या वरही श्रेणी निघाली होती. या मुलीला दुकानात ठेवलं तर ती गिऱ्हाइकाला एका पँटीऐवजी तीन कोट विकेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी सांगितलं, की पैसे मिळेपर्यंत मी इथे बसते, मला काही घाई नाही.

घाई नव्हती, पण स्वस्थ बसणंही त्यांना कुठे जमत होतं? आजूबाजूला लोक केंद्राचे फिकट निळे झगे घालून बसले होते. झग्यांच्या नाड्या पाठीमागे, त्याही अर्धवट तुटलेल्या. एक भारदस्त गृहस्थ एका हाताने झगा मागून धरून आणि दुसऱ्या हाताने नाश्त्याची बशी सांभाळत चालले होते. बाईंच्या कॉलरच्या आत सुईदोरा कायम टोचलेला असायचा. त्यांनी त्या गृहस्थांना थांबवून नाडी लावून दिली. सुई ओवायला जरा वेळ लागला, पण टाके पक्के बसले. मग शेजारची बाई वळून बसली, मग तिची बहीण. टाके घालता घालता बाई प्रत्येकाला विचारत होत्या, की तुम्हाला नेमकं काय होतंय? काहीच नाही, असं कुणी म्हणालं की त्या म्हणायच्या, मग घरी जाऊन झोपा. कुणी म्हणालं, की खूप दिवस खोकला आहे, तर त्या म्हणायच्या, मग नाश्ता कसला खाताय, खोकल्याच्या डॉक्टरकडे जा. दोन माणसं खरंच उठून जायला लागली, तेव्हा आतून व्यवस्थापक आला. त्याने बाईंकडे बघितलं, दोऱ्याकडे बघितलं, आणि पैसे परत करायला सांगितलं.

पावती देताना काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "माझी आईपण येत नाही इथे. तिला फुकट आहे, तरी येत नाही." बाईंना त्या मुलीची उगाच दया आली. पण घरी येताना त्या लढाई जिंकून आल्यासारख्याच आल्या. पैसे त्यांनी मुलाच्या हातात ठेवले. त्याने ते मोजले नाहीत. काही न बोलता खिशात घातले, आणि हे मात्र बाईंना आवडलं नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या करड्या पँटीची चेन गेली. गिऱ्हाईक नव्हतं, मुलगा आणि सून बाहेर गेली होती. बाई दुसरी पँट चढवून खाली आल्या, चेन बदलायची म्हणून करडी पँट उलटी करून टेबलावर पसरली, आणि कमरेची मागची शिवण त्यांच्यासमोर आली.

आपण दाखवलेला पुरावा एकदा आतून बघावा, हे इतक्या दिवसांत त्यांना सुचलं नव्हतं. आत एकच शिवण नव्हती. मूळची करड्या दोऱ्याची होतीच. तिच्या आत एक निळी होती. निळीच्या आत तपकिरी आणि तपकिरीच्या आत काळी.

गिऱ्हाइकाची पँट असती तर बाईंनी जुनी शिवण उसवली असती, दोरा कापडाच्या रंगाचा लावला असता, मगच नवी शिवण घातली असती. स्वतःच्या पँटीचे एवढे लाड कोण करतं? संध्याकाळी दुकान आवरताना कंबर सैल लागली, की त्या पँट बदलायच्या, मशीनवर जो दोरा चढलेला असेल त्यानेच एक शिवण मारायच्या आणि विसरून जायच्या. हात आपोआप करतात तसलं काम. करताना मनात आलंच असेल तर एवढंच, की कापड सैल पडलंय. निळा दोरा चढला होता शाळेच्या गणवेशांच्या वेळी. तपकिरी म्हणजे हॉटेलच्या वेटरांची जाकिटं. काळा तर अगदी अलीकडचा, वकिलांच्या गाऊनचा. म्हणजे गणवेशापासून गाऊनपर्यंत त्या झिजत गेल्या होत्या, आणि दर वेळी स्वतःच्या हाताने ती झीज शिवून टाकत होत्या.

त्यांनी गळ्यातली फीत काढून कमरेभोवती घेतली. नेहमीच्या आकड्याशी टोक जुळलं आणि तरी फीत अजून ओढली जातच होती. आरशात बघितलं तर फितीचं लोंबतं टोक थरथरत होतं. या वेळी सुईच्या भोकाला दोष देता येत नव्हता.

टेलरबाई घाबरल्या. साध्या, सरळ घाबरल्या. स्टुलावर बसल्या, आणि बसल्यावर लक्षात आलं की हे तेच स्टूल. नवरा म्हणाला होता, जरा गॅस झालाय. त्या म्हणत होत्या, कापड सैल पडलंय. वाक्य एकच होतं, फक्त त्याला बोलायला एकदाच वेळ मिळाला होता आणि यांना तीनदा. त्यांना स्वतःचा असा राग आला, की हातातली फीत त्यांनी भिंतीवर भिरकावली.

अजूनही गप्प बसता आलं असतं. चेन बदलायची, पँट सरळ करायची, घडी घालून ठेवायची. आतली शिवण कुणाला दिसते? मुलाला तर आत्ताच तोंडावर पाडलं होतं, आता त्याच्यापुढे जाऊन काय सांगायचं? हा विचार त्यांनी केला, खोटं कशाला बोला, चांगला चहा थंड होईपर्यंत केला. मग चेन न बदलताच पँट पिशवीत कोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डॉक्टरांच्या बाकावर पहिल्या होत्या. आत गेल्यावर त्यांनी नमस्कारचमत्कार केला नाही. उलटी पँट टेबलावर टाकली आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगितलं. म्हणजे या पँटीने सांगितलं, पण पँट माझी आहे."

डॉक्टरांनी रंगीत शिवणी बोटाने मोजल्या. मग प्रश्न विचारायला लागले, आणि या वेळी बाईंनी एकही उत्तर कातरलं नाही. भूक? दुप्पट. झोप? लागत नाही, म्हणून तर सगळ्यांच्या आधी उठते. उकडतं? सगळे कुडकुडतात तेव्हासुद्धा. छातीत धडधड? जिना पळत चढते, होणारच की. "आणि जिना न चढता?" बाई म्हणाल्या, "तेव्हापण." डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हात पुढे करायला सांगितले, बोटं पसरायला लावली आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. खोलीत वारा नव्हता, पण कागद झाडावरच्या पानासारखा हलत होता.

त्यांनी एक रक्ताची तपासणी लिहून दिली. ती साध्याच प्रयोगशाळेत झाली, तिथे सोफा नव्हता आणि नाश्ताही नव्हता. निकाल आला तो असा, की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नको तितकी जोरात चालली आहे. सगळं अंग तिने पळायला लावलं होतं. ती भूक, ती उघडी खिडकी, तो पळत चढलेला जिना, ते उपसलेलं काम, ज्या ज्या गोष्टींचा बाईंनी घरभर डांगोरा पिटला होता, तो सगळा आजारच होता. डॉक्टर म्हणाले, की औषधाने आटोक्यात येतं, वेळ लागतो, अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं. पण असंच चालू राहिलं असतं तर हृदयाने किती दिवस साथ दिली असती ते सांगता येत नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली. "गोळ्यांनी माझा स्वभाव मऊ पडेल का?"

"बाई, ग्रंथीला एवढं जमत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो तुमचा स्वतःचा आहे."

आता अवघड काम उरलं होतं ते घरचं. त्या संध्याकाळी बाईंनी मुलाला आणि सुनेला दुकानात खाली बोलावलं. घरात कबुली द्यायला त्यांना अवघड वाटत होतं, दुकानात त्यांचं राज्य होतं. पँट पसरून त्यांनी एकेक शिवण दाखवली, दोऱ्याचा हिशेब सांगितला, निकाल सांगितला, गोळ्या दाखवल्या. रडणार नाही असं ठरवलं होतं आणि रडल्या नाहीत. सून रडली. रडता रडता म्हणाली, "म्हणजे माझं मशीन बिघडलं नव्हतं." बाई म्हणाल्या, की बरं, नव्हतं.

मुलगा बराच वेळ काळ्या शिवणीवरून अंगठा फिरवत होता. मग म्हणाला, "ही तपासणी त्या कूपनात होती, आई."

"होती," बाई म्हणाल्या. कूपनाच्या पाकिटात राहिलेली यादी त्यांनी नंतर काढून वाचली होती. "आणखी ढीगभर गोष्टींच्या खाली होती. त्यांनी माझी हाडं मोजली असती, किडनीचे फोटो काढले असते, आणि त्यातलं काय काय निस्तरत आपण अजून फिरत असतो. डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता. मी खरं उत्तर दिलं असतं तर तेवढ्यात भागलं असतं."

"पण तू देत नाहीस ना खरं उत्तर," मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "बाबांनीपण नाही दिलं. मी इथे उभा होतो, या टेबलापाशी, दप्तर घेऊन. त्यांना घाम फुटला होता, आणि ते मला म्हणाले, काही नाही. मी खेळायला गेलो. तुला विचारलं की तूपण म्हणतेस, काही नाही. मशीनला असं सांगता येत नाही, आई. म्हणून मी ते घेतलं. मला काय हौस होती?"

इतक्या वर्षांत तो हे कधी बोलला नव्हता. तो खेळायला गेला होता हे बाईंना माहीतच नव्हतं. त्या वरून खाली आल्या तेव्हा दुकानात नवरा एकटाच होता, आणि त्यांना वाटलं होतं, मुलगा शाळेत आहे. एवढं ओझं घेऊन पोरगं वाढलं आणि आपण त्याच्या पँटी शिवत राहिलो, आपल्याला कळलं नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की गोळ्यांचं, गळ्याचं, हृदयाचं सगळं मागे पडलं. त्यांनी त्याचं डोकं ओढून खांद्याशी धरलं. तो केव्हाच त्यांच्यापेक्षा उंच झाला होता, त्यामुळे त्याला चांगलंच वाकावं लागलं.

पण म्हणून त्यांनी माघार घेतली असं कुणी समजू नये. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की त्या काचेच्या दुकानात मी आजही जाणार नाही आणि उद्याही नाही. जिथे माणसाला काय होतंय हे विचारायच्या आधी नाश्ता देतात, तिथे माझं काम नाही. डॉक्टर सांगतील ती तपासणी करीन, सांगतील त्या दिवशी करीन, त्यात टाळाटाळ नाही. आणि बाबांना छातीचं दुखणं होतं, म्हणून तूही जाऊन डॉक्टरांना ते सांगायचं, दप्तराच्या गोष्टीसकट. मुलाने विचारलं, की आणि तू पुन्हा खोटं बोललीस तर? बाईंनी गळ्यातली फीत काढून त्याच्या हातात दिली. दर महिन्याला तू माप घ्यायचं, त्या म्हणाल्या. नवीन. मागच्या वेळचं चालणार नाही.

महिने गेले. गोळ्यांनी काम केलं. बाईंना इतरांसारखी थंडी वाजायला लागली, त्याचाही त्यांनी राग राग केला, पण स्वेटर घातला. सुई पहिल्या फटक्यात ओवली जायला लागली. करड्या पँटीची आधी काळी शिवण उसवली गेली, मग तपकिरी, आणि एका सकाळी निळीही उसवायची वेळ आली. ती उसवायच्या आधी माप हवं, म्हणून मुलगा कामावर जाता जाता खाली आला. लहानपणी शिकवलेलं तो विसरला नव्हता, तरी बाईंनी त्याला फीत कशी धरायची यावरून दोनदा टोकलं.

फीत कमरेभोवती आली आणि बाईंनी पोट आत घेतलं.

फीत दोन बोटांत धरून मुलगा समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. बाईंचा चेहरा लाल व्हायला लागला. त्याला कामावर उशीर होत होता, पण तो हलला नाही.

"श्वास सोड, आई," तो म्हणाला.

बाईंनी आणखी थोडा वेळ तग धरला. मग सोडला.